मोंढ्यातील सागवान

बालाघाटाच्या डोंगररांगांनी मधोमध दुभागलेला आणि उत्तरेस गोदावरीच्या पात्राने सीमित झालेला बीड जिल्हा अरण्यसंपत्तीच्या बाबतीत कधीच संपन्न नव्हता. आणि तरीही या जिल्ह्यातील जुन्या पेठांत, मग ती बीड शहरातील माळीवेस-राजुरी वेशीच्या आसपासची असो, परळी वैजनाथची असो, की निजामी अमदानीत मोमिनाबाद या नावाने दप्तरी नोंदलेल्या अंबाजोगाईची असो, एखाद्या जुन्या दुकानाच्या दगडी दर्शनी भागातून आत पाऊल टाकले की डोळ्यांत भरते ते लाकूड. रस्त्याने जाणाऱ्या परक्यास ही वास्तू दगडमातीची वाटते. वस्तुतः दोन-अडीच हात रुंदीची ती भिंत ऊन, चोर आणि शेजारी यांच्यापासून आडोसा देण्यापलीकडे फारसे काही करीत नाही. माथ्यावरच्या माळवदाचा भार तोलतात ते भिंतीच्या आत, कधी तिला खेटून तर कधी तिच्या पोटात दडून, उभे असलेले खांब.

या सांगाड्याचा हिशेब फुटांत नव्हे, खणांत होई. खांबांच्या दोन ओळींमधली जागा म्हणजे खण, किंवा या बाजूच्या बोलीत अंकण. आणि जुन्या खरेदीखतांत व वाटणीपत्रांत घराचे वा दुकानाचे माप या खणांच्या संख्येनेच नोंदलेले आढळते. जमिनीत पक्का बसवलेला दगडी तळखडा, त्यावर जमिनीचा ओलावा लागू नये अशा बेताने उभा केलेला आठ-नऊ इंची चौकोनी खांब, खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंस पसरलेला नक्षीदार हस्त, हस्तावर टेकलेली तुळई, तुळईवर हातभर अंतराने टाकलेल्या कड्या, कड्यांवर मालकाच्या ऐपतीप्रमाणे किलचांचा थर किंवा फळ्यांची तक्तपोशी, आणि या सर्वांच्या माथ्यावर, दरसाल पावसाळ्यापूर्वी नव्या मातीची भर घेत जाणारे पांढऱ्या मातीचे माळवद, असा हा चढता क्रम. लोखंडी खिळा त्यात अपवादानेच सापडावयाचा. कुसू आणि खाच यांच्या बळावर सुताराने सगळा सांगाडा जुळवलेला असे. वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या मुलखातच असे सपाट मातीचे छप्पर निभावते. कोकणात ते एक आषाढही काढणार नाही. आणि भिंतीवर भार न टाकण्याचे कारणही याच मुलखाच्या जमिनीत आहे. कापसाची काळी जमीन भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, तिच्यावरची भिंत दरसाल थोडी हलते. परंतु स्वतंत्र तळखड्यांवर उभा असलेला सांगाडा भिंतीच्या या हालचालीशी फारसा बांधील राहत नाही.

मराठवाड्यात धान्य, गळिताचे पदार्थ आणि कापूस यांचा घाऊक व्यवहार जेथे चाले त्या जागेला मोंढा म्हणण्याचा प्रघात आहे, आणि मोंढ्यातील आडत दुकान हे या लाकडी रचनेचे सर्वांत मोकळे रूप होय. पुढे गाड्या सोडण्याजोगा ओटा. त्यामागे लिलाव आणि मापाकरिता खांबांवर मोकळे ठेवलेले दोन-तीन खण. आत गादी, तिच्यावर मुनीम, त्याच्या पुढ्यात वह्या. वर बारदान, जुने दप्तर आणि मुक्कामाला राहिलेले गिऱ्हाईक यांच्यासाठी माडी. आणि पाठीमागे कोठार व पेव. घरात स्त्रियांच्या आडपडद्यासाठी आणि वाटणीसाठी भिंती लागतात, दुकानात त्या आड येतात. पोत्यांची थप्पी जेथे सांगाल तेथे लावता आली पाहिजे आणि गादीवर बसलेल्या शेठजीची नजर काट्यापासून कोठारापर्यंत विनाअडथळा पोचली पाहिजे, ही व्यापाराची गरज खांब-तुळईनेच भागत होती. आजच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या परिभाषेत बोलावयाचे तर व्यवसाय, विक्री आणि साठवण हे तीन निरनिराळे वापर, ज्यांना संहितेने ई, एफ आणि एच अशी तीन निरनिराळी गटाक्षरे दिली आहेत, ते येथे एकाच माळवदाखाली नांदत, आणि माडीत मुनीम बिऱ्हाड करून असेल तर ए गटातला निवासही.

हे लाकूड येथे पिकलेले नव्हे. कडुलिंब आणि बाभूळ बांधाबांधावर मिळत आणि गरिबाच्या दोन खणी घराला तेवढे पुरे. परंतु मोठ्या आडतीच्या लांब तुळईला सागच हवा, आणि साग आणावयाचा म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या ईशान्य टोकाकडील आदिलाबाद-किनवटच्या किंवा त्याही पलीकडच्या चांद्याच्या अरण्यांकडेच पाहावे लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला, जालना आणि परभणी ही स्थानके जवळ आली, तरी पुढची मजल बैलगाडीचीच. खुद्द बीड शहरातून प्रवासी आगगाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. एवढ्या सायासाने आलेल्या लाकडाला साहजिकच दगडापेक्षा अधिक मोल होते. वाडा पडला तर दगड गावाने न्यावा, पण खांब-तुळया मालकाने मोजून ठेवाव्यात. आणि खिळ्यांवाचून जुळवलेला सांगाडा तसाच उकलता येत असल्यामुळे आजोबांच्या वाड्यातली तुळई नातवाच्या दुकानात पुन्हा चढे.

या सर्व बांधकामावर सरकारचा अंमल किती होता, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते: जवळजवळ नव्हताच. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची नवी रचना, अमलात आणून संस्थानच्या कारभाराला अव्वल तालुकदार, तहसीलदार अशी रीतसर उतरंड दिली. तामीरात महकमा, म्हणजे बांधकाम खाते, सरकारी इमारती, रस्ते आणि पूल यांची निगा राखू लागला. १३३९ फसलीच्या, म्हणजे १९३० च्या हैदराबाद शेतमाल बाजार कायद्याने मोंढ्यातील वजने, आडतीचा दर आणि बाजार समितीची घडण यांना शिस्त लावण्याचा उपक्रम केला. तराजूला कायदा लागला. तुळईला लागला नाही. खांब किती जाड असावा, कडी किती अंतराने टाकावी, माडीवर किती पोती चढवावीत, हे सुतार, मालक आणि हमाल यांच्या आपसांतल्या समजुतीवर सोडलेले होते, आणि त्या समजुतीचा पाया असा की चूक झालीच तर ती गावासमक्ष होईल आणि सुताराचे नाव तीन पिढ्या बद्दू होईल.

लाकडाविषयी राज्यकर्त्यांच्या मनात धास्ती शिरते ती बहुधा एखाद्या मोठ्या आगीनंतर. १६६६ च्या अग्निप्रलयानंतर लंडनात १६६७ चा पुनर्बांधणी कायदा झाला आणि घरांच्या बाह्यांगांतून लाकूड हद्दपार होऊन वीट व दगड सक्तीचे झाले. मुंबईच्या कोटातली दाट लाकडी वस्ती १७ फेब्रुवारी १८०३ रोजी पेटली, तिचा सुमारे तिसरा हिस्सा भस्मसात झाला, आणि त्या निमित्ताने कंपनी सरकारने कोटाभोवतालचे मैदान आणखी रुंद करून घेतले. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळू लागला तो कैक दिवस जळतच राहिला. बीड-परळीच्या पेठांच्या वाट्याला कायदा बदलावयास लावणारी अशी आग आली नाही. कडब्याच्या गंजी जळत, गवती छपरे जळत, कापूस तर ठिणगीचीच वाट पाहत असे. पण माळवदाच्या दुकानाची गोष्ट वेगळी होती, कारण त्याच्या माथ्यावर फूट-दीड फूट माती आणि दोन्ही अंगांना दगडी भिंत, सबब शेजारचे घर पेटले तरी उडत आलेल्या निखाऱ्याला टेकायला जागाच नसे. शनिवारवाड्याच्या उंच मजल्यांना हे भाग्य नव्हते.

याच काळात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, जाड लाकडाला कायद्याच्या पुस्तकात मानाची जागा मिळवून देणारी एक घटना घडत होती, आणि तिचा कर्ता कोणी शास्त्रज्ञ अथवा न्यायाधीश नसून एक गिरणीमालक होता, ही गोष्ट मोंढ्यातल्या माणसाला आवडण्याजोगी आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड प्रांतातला झकारिया अॅलन याने आपली कापडगिरणी आगीपासून सुरक्षित राहावी म्हणून पदरचा खर्च करून सुधारणा केल्या आणि विमा कंपनीकडे हप्ता कमी करण्याची मागणी केली. कंपनीने ती फेटाळली. तेव्हा त्याने १८३५ मध्ये इतर गिरणीमालकांना एकत्र करून आपसांतलीच एक अग्निविमा संस्था उभी केली. जळलेल्या गिरणीचे नुकसान आता सर्वांच्याच खिशातून जाणार असल्यामुळे या मंडळींनी गिरण्या डोळ्यांत तेल घालून तपासल्या आणि त्यांतून एक बांधणी रूढ झाली: खांब थोडे पण जाड, तुळया मोजक्या पण भक्कम, तक्तपोशी दळदार, आणि आग लपून बसेल अशी पोकळी कोठेही नाही. बारीक कड्यांची दाटी झटकन पेटते. एकच जाड तुळई सावकाश जळते. ‘सावकाश जळणारी बांधणी’ हेच तिचे नाव पडले. पुढे तिकडच्या इमारत संहितांत ती जड लाकडी बांधकामाचा स्वतंत्र प्रकार म्हणून दाखल झाली, तिची मापेही ठरली, आणि तीच मापे, मजल्याचा भार वाहणारा खांब निदान आठ इंच चौरस, तुळई सहा इंच रुंद व दहा इंच खोल, मजल्याची फळी तीन इंच जाड, आजतागायत चालू आहेत. यांपैकी पहिली दोन मापे परळीच्या सुताराला वाचून दाखविली असती तर त्याने मान हलवून संमती दिली असती. तिसऱ्या मापापाशी मात्र तो अडखळला असता, कारण त्याची तक्तपोशी इंचभर जाडीची आणि किलचा तर बोटभर.

जाडीच्या या महतीमागील कारण साधे आहे. लाकूड पेटले की त्याच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर जमतो, हा थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो, आणि ज्योत आत शिरते ती मिनिटाला पाऊण मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे तासाला जेमतेम चार सेंटीमीटर, या गतीने. वीस सेंटीमीटरचा खांब चहूकडून तासभर जळाला तरी बारा सेंटीमीटरचा गाभा भार पेलण्यास शिल्लक राहतो. उघड्या लोखंडी तुळईचे तसे नाही. साडेपाचशे-सहाशे अंश उष्णतेला तिचे निम्मे बळ जाते आणि ती वाकते. आपल्या संहितेतही इमारतींचे चार प्रकार केलेले आहेत ते याच कसोटीवर, म्हणजे आगीत किती तास तग धरते या मापावर. फरक इतकाच की आपण तास विचारतो आणि अमेरिकन संहिता जड लाकडाच्या बाबतीत जाडीही मान्य करते. तासांचे माप शास्त्रशुद्ध खरे, पण ते सिद्ध करण्यासाठी प्रयोगशाळा लागते. जाडीचे माप फूटपट्टीने घेता येते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीड जिल्हा मराठवाड्यासह मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १९६३ चा शेतमाल पणन कायदा, १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, १९६६ चा नगररचना अधिनियम, अशी कायद्यांची मालिका तीन वर्षांत उभी राहिली, आणि मोंढा हळूहळू वेशीच्या आतून उठून बाजार समितीच्या आवारात गेला, जेथे विटांच्या भिंती, लोखंडी कैच्या आणि पत्रे किंवा सरळ सिमेंटचा स्लॅब असे नवे गाळे उभे राहिले. योगायोग असा की जुन्या पेठेतले लाकूड याप्रमाणे निरुपयोगी ठरू लागले त्याच सुमारास दिल्लीत त्याच्या गुणांची पद्धतशीर नोंद होत होती. १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिच्या सहाव्या भागात लाकडाला स्वतंत्र विभाग मिळाला. त्याच वर्षी भारतीय मानक ८८३ ची सुधारित आवृत्ती निघाली, जीत इमारती लाकडांची त्यांच्या ताठपणावरून अ, ब, क अशा तीन गटांत वाटणी केलेली आहे. टिकाऊपणाच्या श्रेणी देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने ठरविल्या त्या लाकडाचे खुंट जमिनीत अर्धे पुरून, वाळवी आणि बुरशी यांच्या स्वाधीन करून, ते किती महिने टिकतात हे पाहून. १२० महिन्यांवर टिकेल ते पहिल्या श्रेणीचे. साग त्यात बसतो. एवढी सगळी विद्या छापून तयार झाली तेव्हा ती वापरणारा कोणी उरला नव्हता. अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारा तरुण लोखंडी सळयांचा हिशेब डोळे झाकून करी, पण तुळईचा हिशेब त्याने परीक्षेपुरताच केलेला असे.

तरीही खेड्यापाड्यांत आणि तालुक्याच्या पेठांत माळवदे उभी होती, आणि त्यांत लोक राहत होते. २९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस. गणपती बोळवून मध्यरात्रीनंतर गावे झोपी गेली, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात सुमारे ६.२ प्रतीचा भूकंप झाला. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. बीड जिल्ह्याला हादरा बसला, पण प्रलय झाला तो दक्षिणेस, औसा आणि उमरगा तालुक्यांत. तथापि तेथील घरांची घडण आणि अंबाजोगाई-केजकडील घरांची घडण एकच असल्यामुळे त्या पहाटेचा निकाल सगळ्याच मराठवाड्याला लागू झाला. भूकंपाच्या तत्कालीन नकाशात हा मुलूख पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक विभागात दाखवलेला होता; गाववाल्यांनी भूकंपाचा विचार केला नाही हा त्यांचा दोष म्हणता येत नाही.

पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी भिंतींचे जे वर्णन केले आहे ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. ती भिंत एक नसून दोन असतात: बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, आणि मधली पोकळी कपऱ्या, मुरूम व माती यांनी भरलेली. दोन्ही पदरांना शिवणारे आरपार दगड घालण्याचा कंटाळा केलेला किंवा तसे लांब दगड मिळालेलेच नाहीत. जोडाला चुना नाही, नुसता चिखल. जमीन हलली की आतला भराव पाचरीचे काम करतो, दोन पदर एकमेकांपासून फाकतात आणि भिंत फुटून बाहेर वाहते. माथ्यावरच्या मातीचा हिशेब करा: फूटभर जाडीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जाते, म्हणजे दहा फूट लांबरुंदीच्या एका खणावर साडेचार टन, आणि अनेक घरांत माती फूटभर नव्हती, दरसालच्या भरीने ती दोन फुटांपर्यंत चढलेली होती. ज्या घरांत खांब नव्हते आणि कड्या थेट भिंतीत खोवलेल्या होत्या तेथे भिंतीबरोबर हे सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

परंतु ज्या घरांत खांब होते त्यांची कथा निराळी निघाली. भिंती ढासळून ढिगारा झालेल्या आणि मध्यभागी खांब, हस्त, तुळया व त्यांवरचे माळवद जसेच्या तसे उभे, असे दृश्य पाहणी करणाऱ्यांना वारंवार दिसले आणि त्यांच्या अहवालांत नोंदले गेले. सगळेच सांगाडे निर्दोष ठरले असे नव्हे. कुसू-खाचेच्या सांध्यांना तिरप्या धीऱ्यांचा आधार नसल्याने काही सांगाडे एका अंगास कलले, काहींचे खांब भिंतीच्या ओलीने बुडाशी कुजलेले निघाले आणि ते कोसळले. आणि सांगाडा उभा राहूनही भिंतीलगत अंथरूण टाकलेली माणसे दगडांखाली गेलीच. तरीही एकूण पुरावा स्पष्ट होता: माणसे मारली ती प्रामुख्याने दगडी भिंतीने आणि मातीच्या वजनाने. लाकूड त्यातल्या त्यात कर्तव्याला जागले होते.

लोकांनी निकाल दिला तो या पुराव्यावर नव्हे. ज्याने आपल्या घरातली चार माणसे ढिगाऱ्याखालून काढली त्याला भिंत आणि सांगाडा यांतला भेद समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती, आणि सांगितला असता तरी त्याने तो का ऐकावा? माळवद म्हणजे मरण, हे समीकरण एका पहाटेत पक्के झाले. बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्याने वसवली गेली ती सिमेंटच्या घरांची. ज्यांची घरे उभी होती त्यांनी अंगणात पत्र्याची खोली टाकून कैक महिने तिच्यात रात्री काढल्या. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या पुनर्वसन कार्यक्रमाखाली सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचे काम निघाले, आणि या कामाच्या तांत्रिक सूचना वाचल्या म्हणजे लिहिणाऱ्यांना लाकडाचे मर्म कळले होते याविषयी शंका उरत नाही: माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत ठराविक अंतराने आरपार दगड किंवा काँक्रिटचे टाके घाला, आणि खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे धीरे बसवा. लाकूड काढून टाका असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. १९९३ चेच भारतीय मानक १३८२८, जे कमकुवत दगडमातीच्या इमारतींसाठी आहे, ते तर भिंतीभोवतीचा भूकंपरोधक पट्टा लाकडाचाही चालतो असे सांगते.

मात्र त्या वर्षी लाकडाचे ग्रह फिरलेलेच होते. अरण्यांचे रक्षण व्हावे या हेतूने केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्येच आपल्या कामांतून लाकडाचा वापर बंद केला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेवाचून अरण्यातली तोड थांबवली आणि विनापरवाना आरागिरण्यांवर टाच आणली. शेतातला साग तोडावयाचा तरी १९६४ चा वृक्षतोड कायदा, त्याचा अर्ज, पंचनामा आणि वाहतुकीचा पास हे ठरलेलेच. या सगळ्या बंदोबस्ताचा हेतू वावगा होता असे म्हणवत नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की बीड जिल्ह्यातल्या व्यापाऱ्याला सिमेंटची पोती फोनवर मिळत आणि एका तुळईसाठी तीन कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागत.

पुढच्या दोन-तीन दशकांत जुन्या पेठांतले लाकूड उतरले. दुकानाच्या जागी काँक्रिटचा तीन मजली गाळा बांधणाऱ्याने जुन्या खांब-तुळया विकल्या, आणि त्या घ्यायला शहरांतून खरेदीदार येत, कारण शंभर वर्षे वाळलेले सागवान नव्या बाजारात मिळत नाही. कोरीव हस्त उपाहारगृहांच्या भिंतींवर गेले, दारे बंगल्यांत गेली, तुळयांच्या फळ्या कापून टेबले झाली. भार वाहण्याचे काम संपून शोभेचे काम लागले. नव्या सागाचीही तीच गत: चंद्रपूर-बल्लारपूरकडचे उत्तम सागवान २०२३ च्या मार्चमध्ये वाजतगाजत अयोध्येस रवाना झाले ते मंदिराच्या दारांसाठी.

इकडे हे चालू असता बाहेरच्या जगात वारे उलटले. लहान फळ्या सरसाने एकावर एक चिकटवून हवी तेवढी मोठी तुळई तयार करण्याची पद्धत ओटो हेटझर या जर्मन सुताराने १९०६ च्या पेटंटाने रूढ केली होती. गेल्या तीस वर्षांत फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून सबंध भिंती आणि मजले करण्याची विद्या तिला येऊन मिळाली. नॉर्वेत २०१९ मध्ये ८५.४ मीटर उंचीची, १८ मजल्यांची लाकडी इमारत पुरी झाली, जीत कचेऱ्या आणि हॉटेलही आहे. अमेरिकेच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेने जड लाकडाच्या जुन्या प्रकाराला तीन नवे पोटप्रकार जोडले आणि संरक्षक आच्छादनाच्या प्रमाणात ९, १२ आणि १८ मजल्यांपर्यंत मुभा दिली. आपल्याकडेही २०१६ मध्ये संहिता आणि मानक ८८३ या दोहोंच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, २०२० मध्ये केंद्रीय बांधकाम खात्याने सत्तावीस वर्षांची बंदी उठवली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अमलात आली, जी बीड नगरपरिषदेलाही लागू आहे आणि जी इमारतीच्या मजबुतीसाठी राष्ट्रीय संहितेकडेच बोट दाखवते.

तेव्हा बीडच्या एखाद्या आडत्याने आज, आजोबांच्या दुकानाची आठवण म्हणून म्हणा वा हौस म्हणून, जड लाकडाचे दुमजली दुकान बांधावयाचे मनात आणले तर कायदा त्याला नाही म्हणणार नाही. पंधरा मीटरच्या आतली, बेताच्या क्षेत्राची इमारत असल्याने उंच इमारतींचे कडक नियम त्याच्या वाटेला जाणार नाहीत. जिना त्याला न जळणाऱ्या द्रव्याचा करावा लागेल. साठवण आणि विक्री यांच्यामध्ये आग रोखणारी भिंत घालावी लागेल. खांबाची जाडी भारासाठी लागते त्याहून तासाभराच्या जळण्याइतकी अधिक धरावी लागेल. सांध्यांना पोलादी पट्ट्या आणि तिरपे धीरे द्यावे लागतील. आणि माळवदाची माती त्याला सोडावी लागेल, हे बरेच झाले. यांतले काहीच अशक्य नाही.

तो अडेल तो वखारीत. मानक ८८३ लाकडाच्या प्रती मानते त्या निवडक, पहिली आणि दुसरी अशा तीन. गाठ किती मोठी, चीर किती लांब, रेषा किती तिरकी, हे मोजून त्या ठरतात, आणि प्रत ठरली तरच अभियंत्याला तुळईचे अनुज्ञेय बळ कोष्टकातून उचलता येते. ओलाव्याचे प्रमाणही हवेच, आणि ते देशाच्या कोणत्या हवामान विभागात बांधकाम आहे त्यावरून निराळे. वखारीत मात्र साग विकला जातो घनफुटावर, रंगावर आणि मालकाच्या शब्दावर; प्रतीचा शिक्का मारलेली तुळई मागितली तर वखारवाला गिऱ्हाइकाकडे पाहत राहतो. नकाशावर सही करणारा अभियंता दाखल्यावाचून सही करावयास राजी नसतो, आणि ते योग्यच आहे. म्हातारा सुतार तुळईवर हातोडीची मूठ आपटून कान लावतो आणि ती पोकळ आहे की भरीव हे सांगतो, आणि बहुधा त्याचेही बरोबर असते, पण त्याच्या कानाची नोंद घेण्याजोगा रकाना परवानगीच्या अर्जात नाही.